मुरुड, फणसाड, कोर्लई : जंजिरा बघून झाल्यावर परत फिरू नका

रानजाई

मुरुडला जाणारी बहुतेक मंडळी एकच करतात, पहाटे पुण्या-मुंबईतून निघायचं, काशिदला गाडी थांबवून फोटो, दुपारी राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीसाठी रांग, किल्ल्यावर होडीवाला देईल तेवढा पाऊण तास आणि अंधाराच्या आत परत. जंजिरा बघायलाच हवा, त्याबद्दल वादच नाही. पण त्याच रस्त्याला लागून फणसाडचं अभयारण्य आहे, कोर्लई आहे, रेवदंडा आहे, आत खाडीवर कुड्याची लेणी आहेत आणि तिथे रविवारीसुद्धा शांतपणे फिरता येतं. हा धागा त्यासाठी. ज्यांना जे माहीत आहे ते लिहा, मी फणसाडपासून सुरुवात करते कारण माझा जीव तिथे जास्त आहे.

फणसाड म्हणजे समुद्रापासून अगदी हाकेच्या अंतरावरचं जंगल. अभयारण्य म्हणून जाहीर झालं १९८६ ला, पण त्याआधी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. त्यामुळे आजूबाजूचे डोंगर कोळशासाठी, लाकडासाठी उघडे पडले तरी हे टिकलं. शिकारीसाठी राखलेलं म्हणून वाचलेलं जंगल, हे मनाला पटवून घ्यायला वेळ लागतो पण आपल्याकडची किती तरी अभयारण्यं अशीच संस्थानिकांच्या शिकारीच्या रानातून आलेली आहेत.

जायचं ते सुपेगावला. तिथे वनखात्याचा नाका आहे, नोंद करायची, फी भरायची आणि गावातला वाटाड्या बरोबर घ्यायचा. वाटाड्या नको, आम्हाला सवय आहे असं म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती की घ्याच. पाऊलवाटा एकमेकींत शिरतात आणि आत फोनला रेंज मिळेलच असं नाही, शिवाय त्या माणसाला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. बरोबरच्या मुलाने नुसता हात वर केला आणि आम्ही सगळे थांबलो, वर बघतो तर उंच झाडावर काटक्या-पानांचा मोठा गोळा, शेकरूचं म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीचं घरटं. मग शेजारच्या झाडावर अजून एक, पलीकडे अजून एक. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं आणि फिरवून वापरतं. प्राणी दिसायला पाऊण एक तास गेला पण दिसला, तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब वाटणारी झुपकेदार शेपूट. जमिनीवर ते फारसं उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं, म्हणजे वरचा पानांचा मांडव सलग असेल तरच ते जगणार. मधली चार मोठी झाडं गेली की त्याचा रस्ताच तुटतो.

आत पाण्याच्या जागा आहेत त्यांना तिथले लोक गाण म्हणतात, चिखलगाण, धरणाची गाण, फणसाडची गाण (अभयारण्याचं नाव हिच्यावरून). उन्हाळ्यात सगळं जंगल या गाणींवर जगतं. आणि गारंबीचा वेल! मांडीएवढा जाड, पिळे घेत एका झाडावरून दुसऱ्यावर, कुठे सुरू झाला आणि कुठे संपला कळत नाही. शेंग हातभर नाही, त्याहून लांब, आत चपट्या गुळगुळीत तपकिरी बिया.

आता बाकीच्यांनी लिहा.

दगडफूल

वा, रानजाई. बऱ्याच दिवसांनी फिरस्तीचा असा धागा आला. मी दगडांच्या बाजूने लिहितो.

जंजिऱ्यावर पाऊण तासच मिळणार असेल तर गाईडच्या गोष्टी ऐकण्यात तो घालवू नका. महादरवाज्यात शिरण्याआधी भिंतीवरचं शिल्प बघा, एका वाघासारख्या-सिंहासारख्या प्राण्याने पंजात, तोंडात आणि शेपटीत मिळून सहा हत्ती पकडलेत, सिद्दीचा सगळा ताठा त्या एका दगडात आहे. मग आतला गोड्या पाण्याचा तलाव बघा, चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे हा. आणि तिसरं म्हणजे तटावर जाऊन वायव्येकडे समुद्रात बघा. तिथे अजून एक किल्ला दिसतो, पद्मदुर्ग, लोक कासा म्हणतात. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला वेसण घालायला बांधलेला, त्यांच्या पत्रात राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केल्याचे शब्द आहेत. जंजिरा बघणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे जातात.

पद्मदुर्गाची एक गोष्ट प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पटत नाही. तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी झिजून आत गेलेत पण दोन दगडांमधला चुना तसाच आहे, म्हणजे भिंतीवर चुन्याच्या चौकटी उभ्या आणि दगडाच्या जागी खळगे. साडेतीनशे वर्षं समुद्राचा मारा खाऊन दगड हरला आणि चुना उरला. ज्या गवंड्यांनी तो चुना मळला त्यांची नावं कुठे नाहीत.

लाय पाटलांचं नावही इथे घ्यायलाच हवं. सोनकोळ्यांचे पाटील, जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावून ठेवल्या पण मोरोपंत पेशव्यांची कुमक वेळेत आली नाही आणि पहाट व्हायच्या आत शिड्या काढून परत यावं लागलं. महाराजांनी पालखीचा मान दिला तर दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची म्हणून नम्रपणे नाही म्हणाले, तेव्हा त्यांना गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव पालखी ठेवलं असं सांगतात. मोहीम फसली तरी माणसाची किंमत झाली.

निळासावळा

मस्त माहिती. आमचं डिसेंबरात जायचं चाललंय, बरोबर आई (वय ७१, गुडघे दुखतात) आणि आठ वर्षांची मुलगी. आईला होडीत चढ-उतर जमेल का? आणि फणसाडमध्ये मुलीला घेऊन जावं का, बिबट्या आहे म्हणतात ना तिथे.

खाडीवरचा

नमस्कार, मी इथलाच, मुरुड तालुक्यातला. निळासावळा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो.

जंजिऱ्याला शिडाची मोठी होडी किल्ल्याच्या दाराशी जाते पण ती लाटेवर वरखाली होत असते आणि नेमक्या वेळी पायरीवर पाय टाकावा लागतो. खलाशी हात देतात, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अवघड आहे, मी माझ्या आईला नेलं नसतं. काकूंना त्याऐवजी खोकरीचे घुमट दाखवा. राजपुरीच्या जवळच, रस्त्यालगत, सिद्द्यांच्या तीन दगडी कबरी आहेत, सिद्दी सिरुलखानाची सगळ्यात मोठी. चढण नाही, कोरीव काम फार देखणं आणि बहुतेक वेळा तुम्ही सोडून कोणी नसतं. किल्ला रेवदंड्याचा बघा, तिथेही चढ नाही, तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि गाव वसलेलं आहे.

बिबट्या आहे, पण दिवसा माणसांची चाहूल लागली की तो तुमच्या वाटेला येत नाही. मुलीला जरूर न्या. फक्त बंद बूट, लांब पँट, आणि सकाळी लवकर. भेकर, सांबर, रानडुक्कर यांच्या पावलांचे ठसे चिखलात वाटाड्या दाखवेल, लहान मुलांना त्यात फार मजा येते. आणि मोठ्याने बोलायचं नाही हे तिला घरूनच सांगून आणा.

दुसरं, समुद्राबद्दल. फेब्रुवारी २०१६ मध्ये इथे मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली १४ मुलं बुडाली. ओहोटी लागलेली असताना पुळण लांबपर्यंत उघडी पडते, पोरं आत आत जातात आणि पाणी खेचतं. आम्ही गावातली माणसं त्या दिवशी किनाऱ्यावर होतो, ते कोणी विसरलेलं नाही. काशिदलाही पाणी ओढ घेतं. कोणी स्थानिक माणूस इथे उतरू नका म्हणाला तर वाद घालू नका, एवढंच मागणं आहे.

निळासावळा

धन्यवाद दादा, आईसाठी घुमटांचं आणि रेवदंड्याचं पक्कं केलं.

पाणपाखरू

मी पक्ष्यांवर लिहिते. अलिबागकडून येणार असाल तर पहिला मुक्काम आक्षीचा किनारा ठेवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कुरव आणि सुरय थव्याने बसलेले असतात, चिखले, तुतारी पाण्याच्या रेषेबरोबर पळत असतात आणि नशीब असेल तर कालवफोड्या, काळा-पांढरा, लांब नारिंगी-लाल चोच. शिंपल्यांची कवचं उघडायला ती चोच. दुर्बीण लांबूनच लावा. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात, ओहोटीचे चार तास त्यांचे जेवायचे तास, त्यात आपण थवा उठवायचा, परत बसला की परत उठवायचा, फोटोसाठी, हे बघून माझा जीव तुटतो. किनाऱ्यावर गाड्या पळवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

फणसाडमध्ये माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं गिधाड. पांढऱ्या पाठीची गिधाडं रायगडच्या या किनारपट्टीत अजून टिकून आहेत, फणसाड आणि खाली म्हसळा-श्रीवर्धनकडे. लहानपणी मेलेल्या गुरावर गिधाडांची झुंबड बघितलेली पिढी इथे असेल, नव्वदच्या दशकानंतर ती जवळजवळ दिसेनाशीच झाली. कारण डायक्लोफिनॅक, गुरांना दुखण्यावर द्यायचं औषध, ते घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. जनावरांसाठीच्या वापरावर २००६ ला बंदी आली. पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, म्हणजे उतरलेली संख्या वर यायला आपलं आयुष्य पुरणार नाही.

त्यात ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. याच किनाऱ्यावर धडकलं. घरांची, वाड्यांची काय दशा झाली ते खाडीवरचा सांगतील, पण उंच जुनी झाडं पडली म्हणजे घरटी करायच्या जागा गेल्या, शेकरूंच्याही आणि गिधाडांच्याही. तशी झाडं उभी राहायला पन्नास-साठ वर्षं लागतात.

खाडीवरचा

हो ताई. नारळ-पोफळ एका सकाळीत आडवी झाली. पोफळीची बाग उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं जातात, ज्यांनी तेव्हा लावल्या त्यांच्या बागांचं आता कुठे बरं चाललंय. म्हणून इथे येऊन घरगुती खानावळीत जेवा, घरगुती राहा, तो पैसा वाडीत जातो.

वाटसरू_नाशिक

फणसाडमध्ये तंबूत राहता येतं ना? आमचा पंधरा जणांचा ग्रुप आहे, रात्री शेकोटी, थोडी गाणी, आणि नाईट ट्रेल कोणी घेतं का?

रानजाई

सुपेगावला वनखात्याची राहायची सोय आहे, आधी विचारून जा. पण शेकोटी आणि गाणी यासाठी फणसाड नाही हो, मनापासून सांगते. या जंगलात डिसेंबरनंतर पाचोळ्याचा थर गुडघ्याएवढा असतो, एक ठिणगी पुरते. आणि रात्र ही तिथल्या प्राण्यांची वेळ. अभयारण्यात रात्री फिरायला परवानगी नसते, कोणी देतो म्हणाला तरी घेऊ नका. पंधरा जण म्हणजेही जरा जास्तच, दोन गट करा, अर्ध्या तासाच्या अंतराने निघा, दोन्ही गटांना जास्त दिसेल. खरंच रात्र अनुभवायची असेल तर बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणीगणना असते तिची चौकशी करा, मचाणावर रात्रभर गप्प बसायचं असतं, चांदण्यात जे येईल ते टिपायचं.

वाटसरू_नाशिक

पटलं. दोन गट करतो, शेकोटी किनाऱ्यावरच्या होमस्टेच्या अंगणात.

मुळशीकर

माझं मत थोडं वेगळं आहे. एवढंसं जंगल, गिधाडांची मोजकी घरटी, मग पर्यटक हवेतच कशाला? अशा धाग्यांनी गर्दी वाढते. काही जागा लिहूच नयेत. बंद करा प्रवेश, संशोधक सोडून.

खाडीवरचा

मुळशीकर, तुमची काळजी समजते पण इथून बघितलं तर वेगळं दिसतं. अभयारण्याच्या कडेला वाड्या-वस्त्या आहेत, त्यांची सरपणाची, चाऱ्याची वाट या कायद्याने अडलेली आहे, ती झळ त्यांनी सोसली. आज त्याच घरातली पोरं वाटाडे आहेत, कोणाच्या घरी जेवणावळ आहे. जिवंत शेकरू दाखवून पैसे मिळतात म्हटल्यावर वणवा लागला की तीच पोरं आधी धावतात. प्रवेश बंद केला तर फक्त तुमचं-आमचं येणं बंद होईल, चोरून लाकूड नेणारा काही नाक्यावर नोंद करत नाही. किती माणसं सोडायची यावर मर्यादा घाला, ते मला मान्य आहे.

पाणपाखरू

दोघांचंही ऐकून सांगते, घरट्यांच्या जागा मी कधीच लिहीत नाही आणि कोणी लिहू नये, गिधाडांच्या तर नाहीच. धाग्यावर गाव लिहा, झाड नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून त्यांची विणीची वेळ सुरू होते, त्या दिवसांत त्या भागात वाटाडा नेणार नाही म्हणाला तर आग्रह नको.

मुळशीकर

मर्यादा घालायची असेल तर हरकत नाही. फोटोबरोबर लोकेशन टाकणं बंद व्हावं, एवढं सगळ्यांनी पाळलं तरी खूप.

दगडफूल

आक्षीचा विषय निघालाय तर थांबवत नाही. पक्षी बघायला गेलात की गावातला शिलालेख बघा. शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा, शिलाहार राजांच्या काळातला, आणि मराठीतला आजवर सापडलेला सगळ्यात जुना शिलालेख हाच असं बरेच अभ्यासक मानतात. आपण शाळेत श्रवणबेळगोळचा शिकलो, अभ्यासकांच्या मते हा त्याच्याही शंभर वर्षं आधीचा. खाली गधेगाळ कोरलेली आहे, दान मोडणाऱ्याला दिलेला शाप. कित्येक वर्षं हा दगड रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता, गाड्या शेजारून जायच्या. आपल्या भाषेची इतकी जुनी खूण आणि किती जणांना ठाऊक आहे.

तिथून पुढे चौल, आज झाडीत हरवलेलं गाव पण दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर, कान्हेरीच्या लेण्यांत चौलच्या दानशूरांची नावं आहेत. मग रेवदंडा, पोर्तुगीजांचा, सातखणी मनोरा बघा, सातातले चार मजले उरलेत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात याच किनाऱ्याला उतरला, वास्को द गामाच्याही आधी, त्याचं स्मारक रेवदंड्याला आहे. आणि पुलावरून कुंडलिका ओलांडली की कोर्लई.

कोर्लईचा डोंगर समुद्रात सरळ घुसलेला आहे, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला दर्या. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, वीस मिनिटांत वर. पोर्तुगीजांनी १५९४ ला घेतला आणि १७४० मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेनंतर मराठ्यांकडे आला. वर पडकं चर्च, पाण्याची टाकी, लांबच लांब अरुंद तट.

पण कोर्लईत मला किल्ल्यापेक्षा खालचं गाव ओढतं. पोर्तुगीज निघून गेले, पण इथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून आणि मराठीतून तयार झालेली बोली राहिली, नौ लिंग म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. गोव्याशी संबंध तुटून पावणेतीनशे वर्षं होऊन गेली आणि हजाराच्या आसपास माणसं अजून घरात ती बोलतात. मुलं शाळेत मराठी शिकतात, बाजारात मराठी, घरी नौ लिंग. किल्ल्याला पुरातत्त्व खात्याची पाटी मिळते, या बोलीला कोण जपणार? तिथे गेलात तर घाईघाईने फोन काढून रेकॉर्डिंग करू नका, आधी बसा, विचारा, त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील.

निळासावळा

कोर्लई आईला जमणार नाही पण दीपगृहापर्यंत गाडी जाते का?

खाडीवरचा

जाते, रस्ता अरुंद आहे, गावातून जाताना मच्छी वाळत घातलेली असते, हळू चालवा. दीपगृह आतून बघायला मिळतं का ते तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा.

सुपारीफुल

कुड्याच्या लेण्यांवर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, माझं माहेर तळा भागातलं. मुरुडहून आत आलं की मांदाड खाडीच्या वर डोंगरात २६ लेणी आहेत, बौद्ध. शिलालेखांत इथल्या महाभोज सत्ताधाऱ्यांची नावं आहेत आणि दान देणाऱ्यांत बायकाही आहेत, व्यापारी आहेत, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. म्हणजे बंदरावर जे जे जगत होते त्या सगळ्यांचे थोडे थोडे पैसे त्या डोंगरात आहेत. सहाव्या लेण्याशी दगडी हत्ती आहे आणि आत जोडप्यांची शिल्पं, त्यांचे दागिने, डोक्याची वस्त्रं निरखून बघा. अंगणातून खाली खाडी दिसते आणि व्यापारी गलबतं कुठून आत यायची ते लगेच समजतं. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात गेलं तर डोंगरभर तेरडा. तिथे दुकान-हॉटेल काही नाही, पाणी बरोबर घ्या आणि बाटली परत न्या.

रानजाई

सुपारीफुल, किती छान लिहिलंत. मी कुड्याला अजून गेले नाही, आता यादीत वर घेते.

दगडफूल यांच्या चौलवरून एक मनात आलं. आपण किल्ला इतिहासवाल्यांचा, जंगल निसर्गवाल्यांचं आणि किनारा मजा करणाऱ्यांचा अशी वाटणी करून टाकली आहे, पण हे सगळं एकमेकांवर उभं होतं. मुरुड गावाला पाणी आलं ते नवाबाच्या काळात बांधलेल्या गारंबीच्या धरणातून, म्हणजे त्याच डोंगरांतल्या झाडीने धरून ठेवलेलं पाणी. होड्यांना सागाचं, ऐनाचं लाकूड लागायचं ते किनाऱ्यामागच्या रानांतून. गारंबीच्या बिया ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून दर्यात जातात, महिनोन्महिने तरंगतात आणि कुठल्या तरी दुसऱ्याच किनाऱ्यावर रुजतात. म्हणून माझा आग्रह आहे की एकच बघू नका, दोन दिवस काढा आणि डोंगरापासून पाण्यापर्यंत चाला.

डेट्रॉइटचा_दादा

दोन वर्षांनी डिसेंबरात भारतात येतोय, लहानपणी अलिबागला आजोळ होतं पण मुरुडच्या पुढे कधी गेलोच नाही. पद्मदुर्गाला जायचं फार मनात आहे. होडी कुठून, परवानगी लागते का, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक कुठे बघू?

खाडीवरचा

पद्मदुर्गाला जंजिऱ्यासारखी ठरलेली फेरी नाही. मुरुड किंवा एकदऱ्याच्या कोळीवाड्यात आदल्या संध्याकाळी जाऊन नाखव्याशी, म्हणजे होडीवाल्याशी, बोलून ठेवायचं, परवानगीचं काय लागतं ते तोच सांगेल. वारा असेल तर तो नाही म्हणेल, मग दुसरा नाखवा शोधत बसू नका. लाईफ जॅकेट मागून घ्या. जून ते ऑगस्ट विसरा, जंजिऱ्याच्या होड्याही तेव्हा बंद असतात.

भरतीचा हिशोब आमच्याकडे तिथीवर. जी तिथी असेल तिला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास आणि उधाण मोठं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं पण कॅलेंडर भिंतीवर असलं की पुरतं. पद्मदुर्गाला पाणी भरलेलं असताना होडी जवळ लागते, ओहोटीला खडक वर येतात. तेव्हा तुमच्या डिसेंबरातल्या तारखा कळवा, तिथी बघून कोणती सकाळ बरी ते सांगतो.

डेट्रॉइटचा_दादा

हे तर भारीच. तारखा पक्क्या झाल्या की इथेच टाकतो. आईला विचारलं तर तिलाही हा हिशोब पाठ निघाला, आजोबांनी शिकवलेला.

पाणपाखरू

दादा, त्याच हिशोबाने आक्षीला ओहोटी लागल्यावर दोन तासांनी पोचा, पक्षी तेव्हा सगळ्यात जास्त असतात. आणि कुरवांचे फोटो काढलेत तर इथे टाका, ओळखायला मदत करते.